मैदान झालं, आता मैदानावरचा माणूस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'बास्केटबॉलचे प्रशिक्षक' अशी करून दिली, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले ते मला इथून दिसलं. त्यांचं काही चुकलं नाही. आपण शिकत होतो तेव्हा या शाळेत बास्केटबॉल नावाची वस्तूच नव्हती. कबड्डी होती, खो-खो होता, आणि सर नसले की दप्तरांचे स्टंप करून क्रिकेट होतं. मी तो चेंडू पहिल्यांदा हातात धरला बी. पी. एड.ला गेल्यावर. माझी उंची पाच फूट पाच इंच. तरीही गेली बावीस वर्षं मी ठाण्याकडच्या एका शाळेत हाच खेळ शिकवतोय, आणि त्यावर माझं घर चाललंय.

आज सकाळी आपण नव्या कोर्टाची फीत कापली. आपल्याच वर्गणीतून झालेलं काम आहे, आणि चांगलं झालंय. अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद, जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटरवर रिंग. मी टेप लावून मोजलं, आणि ठेकेदारानं कुठेही इंच खाल्लेला नाही. मेळाव्याच्या समितीनं मला सांगितलं, "नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास यावर बोला." मी म्हटलं, कोर्टावर संध्याकाळी पाच वाजता जो माणूस उभा राहणार आहे, त्याच्याबद्दल बोलतो. सिमेंट काही आठवड्यांत पक्कं होतं. तो माणूस पक्का व्हायला फार वर्षं लागतात, आणि त्याच्यासाठी अजून आपण एक पैसाही बाजूला ठेवलेला नाही.

हा खेळ एका मास्तरानंच शोधला, हे मुलांना माहीत असेल. डिसेंबर १८९१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये वाय. एम. सी. ए.ची प्रशिक्षण शाळा होती. जेम्स नेस्मिथ नावाचा तरुण शिक्षक तिथे शारीरिक शिक्षण शिकवायचा. बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेले, उपद्रवी विद्यार्थी. वरिष्ठांनी सांगितलं, चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ. त्यानं तेरा नियम लिहिले आणि शिपायाकडून पीच फळांच्या दोन टोपल्या आणून सज्जाला ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर शिडी लावून चेंडू काढायचा. तसं फार वेळा चढावं लागलं नाही. पहिला सामना एक-शून्य असा संपला.

त्याच नेस्मिथनं पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला शिकवलं. पंचावन्न सामने जिंकला आणि साठ हरला. त्या विद्यापीठात आजवर जितके प्रशिक्षक झाले, त्यांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेला तो एकटाच, आणि खेळ काढणारा तोच! त्याचं मत असं होतं की हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो. त्याच्याच हाताखाली खेळलेला फॉग ॲलन मात्र तिथेच एकोणचाळीस हंगाम प्रशिक्षक राहिला, आणि शिकवणं हे वेगळं काम आहे, हे त्यानं सगळ्या अमेरिकेला दाखवून दिलं. खेळ येणं निराळं, खेळ देता येणं निराळं. आपल्याकडे नेमणूक करताना आपण नेमकं पहिलंच विचारतो: "स्वतः कुठपर्यंत खेळलात?"

इतक्या लांबचं उदाहरण कशाला, असं कुणी म्हणेल. मालवणात १९३२ साली जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांचं घ्या. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जे घडवलं, त्यासाठी १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये पद्मश्री. स्टंपवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याची गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली आहे: गोलंदाजानं बाद केलं तर नाणं त्याचं, फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याचं. मला मात्र त्यांची दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अकरा वर्षांच्या सचिनला घेऊन अजित तेंडुलकर त्यांच्याकडे गेला. पोरगं सरांसमोर बुजलं, बॅटला चेंडू लागेना. सर म्हणाले, अजून लहान आहे, नंतर आणा. अजितनं विनंती केली, "सर, तुम्ही गेल्यासारखं करा आणि लांबून बघा." सर गेले, दुरून बघत उभे राहिले. पोरगं मोकळं खेळलं. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

यात सचिनची गुणवत्ता दिसते, ती तर आहेच. पण एवढ्या नावाजलेल्या प्रशिक्षकाला एका विशीच्या आसपासच्या मुलानं सुचवावं की तुमच्यामुळे अडतंय, जरा बाजूला व्हा, आणि त्यांनी ते ऐकावं, हे मला जास्त अवघड वाटतं. मी बरेच प्रशिक्षक पाहिले आहेत. बाजूला होण्याची कला फार थोड्यांकडे असते.

आपल्या पी. टी.च्या सरांकडे ती होती. सर आज इथे बसलेत म्हणून सांगतो असं नाही. कबड्डीचा सामना रंगात आला की सर आमच्याकडे पाठ करून खाडीकडे बघत उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, सरांना कंटाळा आला. मग भांडण आमचं आम्हीच मिटवायचो, कारण दाद मागायला तिथे कुणी नसायचं. हे सर मुद्दाम करत होते की खरंच खाडीत भरती बघत होते, ते आज जेवताना विचारू.

आता बास्केटबॉलकडे येतो. महाराष्ट्रात या खेळाची गोष्ट सांगायची तर मुंबईच्या नागपाड्याला जावं लागतं. दाटीची वस्ती, चिंचोळ्या गल्ल्या, आपल्याकडे एका घराला जेवढं अंगण असतं तेवढ्यात तिथे दहा कुटुंबं. अमेरिकन मराठी मिशननं १९२७ मध्ये तिथे 'नेबरहुड हाऊस' उघडलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये त्याच वास्तूत सुरू झाली. त्या परिसरातल्या कोर्टांवर कामगारांची, फेरीवाल्यांची मुलं खेळू लागली. अब्बास मुंतसिर तिथलाच. तो भारताचा कर्णधार झाला, १९७० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि ज्यांनी तिथल्या पिढ्यांना शिकवलं त्या बच्चूखान यांचं नाव तिथल्या पालिकेच्या मैदानाला आहे. मुंबईत मैदानांना पुढाऱ्यांची नावं देतात, देणगीदारांची देतात. प्रशिक्षकाचं नाव असलेलं मैदान मला दुसरं चटकन आठवत नाही. नागपाड्यात जागा नव्हती, पण संध्याकाळी येणारा माणूस होता. आपल्याकडे दासगावात आजपासून जागा आहे.

हा संध्याकाळी येणारा माणूस नेमकं करतो काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शिट्टी वाजवतो आणि ओरडतो. यावर एक फार सुंदर अभ्यास झालेला आहे. जॉन वुडन हे नाव बास्केटबॉलमध्ये आपल्याकडच्या आचरेकरांसारखं घेतात. मुळात तो शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यू. सी. एल. ए. विद्यापीठात प्रशिक्षक झाला. राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळालं ते १९६४ मध्ये. सोळावा हंगाम होता तो! मग पुढच्या बारा वर्षांच्या हिशेबात दहा विजेतेपदं. आपल्याकडच्या एखाद्या संस्थेनं त्याला तिसऱ्या वर्षीच "निकाल काय?" विचारून घरी पाठवला असता.

त्याच्या शेवटच्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, थार्प आणि गॅलिमोर नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या सरावाला बसले. पंधरा सत्रं बसले. तो जे जे बोलतो ते मोजत गेले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत कौतुक किती? सात टक्क्यांच्याही आत. नाराजी? तीही साधारण तेवढीच. पंचाहत्तर टक्के बोलणं नुसती माहिती होती. पाय असा ठेव. चेंडू छातीजवळ घे. आता वळ. छोटी छोटी वाक्यं, आणि पुढे चला. भाषण नाही, देशभक्ती नाही, "तुमच्यात आग पाहिजे" वगैरे काही नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. मोज्याला चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की खेळाडू आठवडाभर बाहेर. दोन तासांच्या सरावाची आखणी करायला तो सहायकांबरोबर सकाळी जवळजवळ तेवढाच वेळ बसायचा, आणि ती एका छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवायचा. हंगाम नसेल तेव्हा एकच विषय घेऊन त्याचा अभ्यास करायचा. एका वर्षी एक विषय, बस.

इथे कुणी म्हणेल, आचरेकर सर तर कौतुक कधी करतच नव्हते. बरोबर. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिननं जाहीर सांगितलं की एकोणतीस वर्षांत सर एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. पण म्हणून आपल्या शाळेतल्या नव्या प्रशिक्षकानं उद्यापासून शाबासकी बंद करावी, असं मी म्हणणार नाही. सर त्याच पोराला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. स्कूटरवर बसवून नेणं हेच कौतुक होतं. ज्यांना सरांचं न बोलणं तेवढं उचलायचं आहे, त्यांनी आधी स्कूटर घ्यावी.

वुडनच्या त्या मोजणीचं आमच्या क्षेत्रात पुष्कळ बोललं जातं. पण स्वतःची मोजणी करून घ्यायला कुणी तयार नसतो. एक माणूस तयार झालेला मी पाहिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, शेजारच्या शाळेचे प्रशिक्षक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत कपांचं कपाट भरलेलं. त्यांनी एक दिवस मला फोन केला, "उद्या माझ्या सरावाला ये. खेळ बघू नकोस. मी काय बोलतो ते लिही."

मी शंभरपानी वही घेऊन गेलो. रकाने पाडले: माहिती, ओरडणं, शाबासकी, आणि कुणाचं नाव घेतलं. दीड तास लिहिलं. सराव संपल्यावर आम्ही दोघं कोर्टाच्या कडेला कटिंग चहा घेऊन बसलो. बेरीज केली. त्यांच्या संघात त्या दिवशी चौदा मुलं होती. पहिल्या चार उंच मुलांची नावं त्यांनी मिळून साठाच्या वर वेळा घेतली होती. शेवटच्या तिघांचं नाव एकदाही नाही. ओरडले तेही त्याच चौघांवर. म्हणजे त्या तिघांच्या वाट्याला ओरडाही आला नव्हता.

सर वही बघत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ह्यातला एक तर चार वर्षं येतोय रे माझ्याकडे." दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं? काही मोठं नाही. त्या तिघांपासून हजेरी घ्यायला सुरुवात केली, आणि सरावाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाशी त्याच्या नावानं एक तरी वाक्य बोलायचं, असं ठरवून टाकलं. वही चालू ठेवली. एखाद्या मुलाचा पाय मुरगळला असेल, तो बाहेर बसला असेल, तर वही त्याच्याकडे. विद्यार्थ्यानं सरांचे शब्द मोजायचे! आपल्या काळात हे कुणी केलं असतं तर… जाऊ दे.

मी त्यांच्याकडून ती वही उचलली. आजही माझ्या पिशवीत असते. व्यक्तिमत्त्व विकासाची पुष्कळ शिबिरं मी पाहिली. टाय लावलेले वक्ते येतात, मोठमोठ्यानं बोलतात, लोक टाळ्या वाजवतात. अठ्ठावन्नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कपाट भरलेलं असताना, आपल्याहून लहान माणसाच्या हातात पेन देऊन "लिही" म्हणणारे सर मला त्या सगळ्यांपेक्षा मोठे वाटतात.

आता सामन्याविषयी थोडं. बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. प्रशिक्षकाला पहिल्या अर्ध्यात दोन टाइम-आउट आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन. प्रत्येक एक मिनिटाचा. म्हणजे खेळ थांबवून बोलायला पुरी पाच मिनिटं. त्यातही मुलींना पाणी प्यायचं असतं, धाप लागलेली असते, अर्धा मिनिट त्यातच जातो. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काही प्रशिक्षक सहा सूचना देतात. डोक्यात एकही शिरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा, सतरा वर्षांखालचा, जिल्ह्याचा अंतिम सामना होता. शेवटचं दीड मिनिट, आम्ही एका गुणानं मागे. मी टाइम-आउट घेतला आणि विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?" पाचही जणी गप्प. तेवढ्यात मागून पाण्याच्या बाटल्या देणारी, त्या दिवशी मैदानात पाऊलही न ठेवलेली मुलगी म्हणाली, "सर, त्यांची नऊ नंबरची फक्त उजवीकडूनच जाते. डावीकडे वळतच नाही." तेवढंच बोलणं झालं. कर्णधारानं मान डोलावली, दोघींनी जागा बदलल्या, नऊ नंबरचा चेंडू दोनदा अडला. सामना आम्ही तरीही हरलो, एकाच गुणानं, कारण आमचा शेवटचा शॉट रिंगवर फिरून बाहेर पडला. असं होतं. त्या बाटलीवाल्या मुलीनं पुढे पंचांची परीक्षा दिली. आता माझ्याच संघाच्या सामन्यांना ती शिट्टी वाजवते, आणि मी बाकावरून जरा उठलो की नुसता तळहात दाखवून खाली बसवते. जुनी ओळख अजिबात दाखवत नाही. मला त्याचा फार आनंद आहे.

विचारण्याचं धाडस मला कुठून आलं, असं एकदा एका तरुण प्रशिक्षकानं मला विचारलं. मी म्हटलं, मी दासगावचा आहे. त्याला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे सोबती मुंबईहून बोटीनं निघून याच आपल्या बंदरात उतरले होते. महाडला चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमली होती, तुरुंगात जायच्या तयारीनं नावं लिहून दिली होती. मार्चमध्ये याच माणसांनी मार खाल्ला होता, आणि तेव्हाही बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उगारू दिला नव्हता. आता डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. पेटलेल्या माणसांना पुढे न्यायला काही लागत नाही. बाबासाहेबांनी त्यांच्याशी बोलून, समजावून, परिषदेच्या ठरावानं सत्याग्रह पुढे ढकलला. तळ्याभोवती मिरवणूक मात्र निघाली. खटला लढत राहिले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. दहा वर्षं. चवदार तळं आणि शाळेचा बास्केटबॉल यांची तुलना मी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण पुढारीपण म्हणजे समोरच्यांना चेतवणं, एवढंच ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या तालुक्याचा इतिहास परत वाचावा. माणसांना विश्वासात घेऊन थांबवणं किती कठीण असतं, ते इथेच घडून गेलंय.

आता थोडं रोखठोक बोलतो, कारण वर्गणी देणारे सगळे इथे एकत्र पुन्हा कधी सापडतील सांगता येत नाही.

पहिली तीन वर्षं या शाळेच्या संघाला कप किती मिळाले, हे कुणीही विचारू नये. समितीनंही नाही, मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनीही नाही. विचारायचंच असेल तर एवढं विचारा: जूनमध्ये किती मुलं येत होती आणि मार्चमध्ये किती येतायत? त्यांत मुली किती? आठवी-नववीत मुली मैदान सोडतात. त्याची कारणं खेळात नसतात. शेवटची एसटी किती वाजता सुटते, अंधार किती वाजता पडतो, कपडे बदलायला बंद खोली आहे का, यात असतात. आपल्याकडे आजूबाजूच्या वाड्यांवरून पोरी येतात. प्रशिक्षकाच्या एका खिशात शिट्टी असेल तर दुसऱ्या खिशात एसटीचं वेळापत्रक असलं पाहिजे. सराव पाचला सुरू करून साडेसहाला संपवायचा आणि शेवटची मुलगी गाडीत बसल्याशिवाय आपण घरी जायचं नाही. आणि सराव नेहमी उघड्यावर, कुणाही आईबापाला येऊन कठड्यावर बसता येईल असा. ज्या प्रशिक्षकाला आईबाप बघत बसलेले चालत नाहीत, त्याला ठेवू नका.

पाचवी-सहावीच्या मुलांना मोठा सात नंबरचा चेंडू देऊ नका. पाच नंबरचा घ्या, आणि त्यांच्यासाठी रिंग दोन मीटर साठ सेंटिमीटरवर लागते, तसा एक हलवता येणारा खांब करून घ्या. बिरवाडीच्या एमआयडीसीत आपलीच चार माणसं फॅब्रिकेशनमध्ये आहेत, ती मान हलवतायत ते मला दिसतंय. मोठ्या रिंगकडे लहान मुलं खांद्यावरून चेंडू भिरकावतात, हाताला चुकीची सवय लागते, मग ती सोडवायला तीन वर्षं जातात.

पावसाचं मी वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर हे कोर्ट बहुतेक वेळ शेवाळलेलं असणार. मोठा पाऊस लागला की आपल्याकडे आईबाप मुलांना घराबाहेर सोडत नाहीत. २५ जुलै २००५ नंतर ते का, हे या गावात कुणाला विचारायची गरज नाही. आज सुरुवातीला आपण दोन मिनिटं ज्यांच्यासाठी उभे राहिलो, त्यांत आपल्याच बाकावर बसलेले होते. बाहेरून आलेल्या एखाद्या प्रशिक्षकाला वाटेल, ही मुलं दांड्या मारतात. त्याला हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागेल. पावसाळ्यात व्हरांड्यात जागेवर ड्रिबल, भिंतीशी पास, आणि फळ्यावर नियम. तेवढ्यावर चार महिने छान निघतात. नागपाड्यातली मुलं तर गल्लीत शिकली.

आणि आता त्या माणसाविषयी. मुख्याध्यापक बाईंनी मला सांगितलं की शाळेतल्याच एका तरुण शिक्षिका हे काम घ्यायला तयार आहेत. त्या गणित शिकवतात आणि स्वतः बास्केटबॉल कधी खेळलेल्या नाहीत. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र ऐकून बरं वाटलं. नियम सहा महिन्यांत येतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. मी तो केलाय, अवघड आहे पण करता येतो. त्यांना सुट्टीत तिकडे पाठवा. प्रवासाचा, राहण्याचा, फीचा खर्च आपण उचलू. घरी लहान मूल आहे असं कळलं, तर त्या सहा आठवड्यांत घरच्यांना काय मदत लागेल तेही विचारू. दर वर्षी एखाद्या चांगल्या शाळेचा सराव बघायला त्यांनी आठवडाभर जावं. माझ्याकडे आल्या तर राहायची सोय माझ्या घरी, माझी बायको आत्ताच हो म्हणाली आहे. आणि मी वर्षातून दोनदा इथे येईन, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, वही घेऊन. त्या बोलतील, मी लिहीन. संध्याकाळी मी बोलेन आणि त्या लिहितील.

बाई, तुम्ही तिकडे खांबाआड उभ्या आहात. पुढे येऊ नका, लाजवायचं नाही मला तुम्हाला. एवढंच सांगतो की सोमवारी पाच वाजता बारा मुलं आली काय आणि तीन आली काय, सराव घ्या. हजेरी शेवटच्या नावापासून.

मित्रांनो, मागच्या टेबलावर नोंदवही ठेवली आहे. तिची पहिली दोन पानं त्या खर्चासाठी आहेत, दरवर्षी किती देता ते लिहायचं, एकरकमी नको. तिसरं पान महाडच्या स्पर्धांना मुलांना गाडीतून नेण्या-आणण्यासाठी ज्यांना वेळ देता येईल त्यांच्यासाठी. चौथ्या पानावर गुणलेखन शिकायला तयार असलेल्यांनी नाव लिहावं. आमच्या बॅचमधल्या ज्यांना आता पळवत नाही त्यांच्यासाठी ते काम उत्तम आहे. जेवणाची पंगत साडेबाराला बसेल असं आचारी म्हणतायत, तेव्हा त्याआधी लिहा.